आत राहिलेलं कार्ड

बोटीवर पाय ठेवल्यापासून तुळजाबाईंचं खोलीच्या दाराशी जमलं नव्हतं. जड दार, सोडून दिलं की आपलं आपण मिटायचं, आणि मिटताना आत कुठंतरी ‘टक्’ वाजायचं. त्या आवाजासरशी तुळजाबाई वळून दाराकडं बघायच्या. खोलीला खिडकी नव्हती. चार भिंती, तीन पलंग, आणि पायाखाली इंजिनाची सततची थरथर.

औशातल्या त्यांच्या घरी न्हाणीघर सोडून एकाही दाराला कडी नव्हती. मुलगा दयानंद, सून सुकन्या, नातवंडं, सगळ्यांनाच ते अंगवळणी पडलं होतं. आई किल्लारीची, भूकंपातून वाचलेली, तिला बंद खोली सोसत नाही, एवढंच कारण त्यांना ठाऊक होतं. त्यापुढं कुणी विचारलं नव्हतं आणि तुळजाबाईंनीही सांगितलं नव्हतं.

दयानंदचं औशात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. कंपनीनं लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या दुकानदारांना घरच्यांसह मुंबई-गोवा बोटीवर नेलं होतं. "रानात पाणी द्यायला दार्‍यावर जायचं सोडून दर्‍यावर कुठं नेतूस मला?" असं तुळजाबाई म्हणाल्या होत्या. पण नातवंडांनी हट्ट धरला आणि त्या निघाल्या.

बोटीवरचा सगळा कारभार कार्डांवर चालायचा. खोली उघडायला कार्ड, जेवायला कार्ड, मुलांना खेळघरात सोडताना कार्ड, परत आणताना कार्ड. पाच माणसं, समोरासमोर दोन खोल्या आणि पाच कार्डं. पहिल्याच संध्याकाळी अकरा वर्षांच्या ऋतुजानं आपलं कार्ड पोहण्याच्या तलावापाशी हरवलं. खाली काउंटरवर रांगेत उभं राहून नवीन करून आणलं, तोवर पाच वर्षांच्या वरदनं त्याचं कार्ड लिफ्टच्या फटीत घालून बघितलं. ते कसंबसं ओढून काढल्यावर सुकन्या कडाडली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, चाळीस पोरं सांभाळायची सवय.

"आता कुणाच्याच हातात कार्ड राहणार नाही."

तिनं प्रत्येक कार्डाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि सगळी कार्डं गळ्यातल्या पाकिटात घातली. ऋतुजाचा लाल, वरदचा हिरवा, आईंचा पिवळा. आईंचं तेवढं एक कार्ड खोलीतच राहायचं, कारण दाराजवळच्या खाचेत कार्ड असल्याशिवाय आत दिवे लागत नव्हते. मुलांना तिनं आणखी एक पाठ घोकून घेतला होता. "दार कुणीही वाजवलं तरी उघडायचं नाही. हँडलच्या वरचं गोल बटण फिरवायचं, आतून कडी लागते. मग मला हाक मारायची."

"माजं कारड माज्याकडं दे की," तुळजाबाई म्हणाल्या होत्या.

"नको आई. तुमच्याकडून हरवलं तर परत रांग."



दुसर्‍या दिवशी दुपारी जेवून वरद गाढ झोपला. दयानंद वरच्या मजल्यावर दुकानदारांच्या बैठकीला गेला होता. ऋतुजाला पोहायचं होतं.

"तू जा पोरीला घेऊन, मी बसते लेकरापाशी," तुळजाबाई म्हणाल्या.

"कार्ड खाचेतून काढू नका, अंधार होईल," असं बजावून सुकन्या गेली. दार मिटलं. टक्.

तुळजाबाई थोडा वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी आपली एक चप्पल घेऊन दाराच्या फटीत घातली. बोटभर फट राहिली, बाहेरचा उजेड आत आला, तेव्हा कुठं श्वास जरा सैल पडला. पण घडीभरात झाडलोट करणारा माणूस गाडा ढकलत आला. "माताजी, दरवाजा बंद रखिए, आग का नियम है," असं अदबीनं म्हणत त्यानं पायानं चप्पल बाहेर सरकवली, दार ओढून घेतलं आणि निघून गेला.

चप्पल बाहेर आणि त्या आत. तुळजाबाईंनी हँडल दाबून दार उघडलं. एका हातानं ते धरून त्यांनी पाय लांबवला. चप्पल समोरच्या भिंतीला लागली होती, वीतभर पुढं. त्यांनी दारावरचा हात काढला, दोन पावलं टाकली, वाकल्या.

मागं टक् वाजलं.

त्यांनी वळून हँडल दाबलं. ते हललं, पण दार उघडलं नाही. पिवळ्या दोर्‍याचं कार्ड आत खाचेत होतं. वरद आत होता. लांबच लांब बोळात दोन्ही बाजूंना तसलीच दारं, आणि माणूस एक नाही.

"झोपलंय लेकरू, झोपू दे," त्या स्वतःला म्हणाल्या. "येईल सुकन्या."

आणि भोंगा वाजला. तुटक तुटक सात वेळा, आणि मग एक लांबलचक. पायाखालची थरथर एकदम वाढल्यासारखी वाटली. वरून कुणीतरी इंग्रजीत भराभर बोलू लागलं. तुळजाबाईंना त्यातला एक शब्द कळेना. जिन्यावरून नारिंगी जाकिटं घातलेली चार-पाच माणसं धावत खाली गेली. त्यांनी हात केला, हाक मारली, पण कुणी थांबलं नाही.

"वरद! ये वरद! दार उघड!" त्यांनी दोन्ही तळव्यांनी दार बडवायला सुरुवात केली.

शेजारच्या खोलीतून कमलम्मा बाहेर आली. देगलूरच्या नरसिंगरावांची बायको, कालच ओळख झालेली. तिनं उलटंसुलटं लाल जाकीट गळ्यात अडकवलं होतं.

"अय्यो अक्का, चला वर! भोंगा वाजून राहिला, सगळे वर चाललेत!"

"माजं लेकरू आत हाय!"

"मग उघडा की!"

"कारड आत हाय कमलम्मा. कारड आत राह्यलं."

आतून वरदचा आवाज आला, झोपेतून दचकलेला. "कोण आहे?"

"मी हाय रे, आज्जी! दार उघड, लवकर उघड!" तुळजाबाईंनी पुन्हा दार बडवलं.

भोंग्यात त्याला काय ऐकू गेलं कुणास ठाऊक. दाराला काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि हँडलच्या वर कट् झालं. आईनं शिकवलेला पाठ पोरानं तंतोतंत पाळला होता. कुणीतरी दार वाजवतंय, तर कडी लावायची. आता बाहेरून कार्ड आणलं असतं तरी दार उघडणार नव्हतं.

"कमलम्मा, तू पळ," तुळजाबाई म्हणाल्या. "वर पाण्याच्या हौदापाशी सुकन्या आसंल. तिला म्हणावं कुणीतरी बोटीचा माणूस घिऊन ये."

"आन् तुमी?"

"म्या इथनं हलत न्हाई."

कमलम्मा पळाली. तुळजाबाईंनी पुन्हा नातवाला हाक मारली. या वेळी त्याला ओळख पटली.

"आज्जी? तू बाहेर कशी?"

"माजं कारड आत राह्यलं रे!"

"थांब, देतो तुला," वरद म्हणाला आणि दुसर्‍याच क्षणी त्यानं किंकाळी फोडली. त्यानं खाचेतलं कार्ड उपसलं होतं. दिवे गेले होते. बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख.

"आज्जी! दिसंना! मला काही दिसंना!"

तुळजाबाईंचे हात दारावरच थिजले.

बत्तीस वर्षं झाली होती. किल्लारीत त्या पहाटे त्या म्हशीला पेंड टाकायला उठल्या होत्या. नवरा मळ्यात राखणीला, सहा वर्षांचा दयानंद औशाला मामाकडं. तीन वर्षांची लेक शेवंता घरात झोपलेली. ती जागी झाली की मागं मागं येऊन म्हशीच्या पायात घुसायची, म्हणून त्यांनी बाहेर पडताना दाराला कडी घातली. पेंडीचं घमेलं हातात असतानाच भुई हलली. दगडामातीच्या जाड भिंती क्षणात खाली बसल्या, पण दाराची चौकट तेवढी उभी राहिली, आणि कडी तशीच लागलेली. ढिगामागनं पोरीचा आवाज थोडा वेळ येत होता. तुळजाबाई बाहेरून जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, आणि त्या ओरडल्या की आतली पोर आणखी ओरडत होती. मग तिचा आवाज थांबला. ती कडी आपण घातली होती, हे त्यांनी कुणालाच, नवर्‍यालाही, तो जाईपर्यंत सांगितलं नव्हतं.

आता आत वरद ओरडत होता, भोंगा पुन्हा सुरू झाला होता, आणि त्यांच्याही तोंडात किंकाळी येऊन बसली होती.

त्यांनी ती गिळली.

त्या बोळातल्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या, तोंड दाराच्या खालच्या फटीपाशी नेलं आणि भोंगा थांबायची वाट बघितली. थांबल्यावर दुपारी चहाला बोलवावं तसल्या आवाजात म्हणाल्या, "वरदा, म्या इथं खाली बसले बघ. तू बी बस."

हुंदके. मग, "बसलो."

"दाराला हात लाव. लावलास? पलीकडून माजा बी हात हाय. आता मला सांग, दुकानातल्या नळीला पप्पा काय बसवतो, पाणी चालू-बंद करायला?"

"कॉक."

"काळा का निळा?"

"काळा... आज्जी, अंधार आहे."

"आसू दे. कॉक फिरवायला उजेड कशाला लागतुय? मळ्यात तू डोळे झाकून फिरवतूस. आता उभा राहा. हात दारावरनं उचलायचा न्हाई, वर वर न्यायचा. हँडल लागलं?"

"लागलं."

"त्याच्यावर गोल बटन हाय. तू मघाशी फिरवलंस ना, त्येच. तो कॉक हाय. मघाशी बंद केलास. आता चालू कर."

आत बोटं घसरल्याचा आवाज. "फिरंना!"

"उलटीकडं फिरंव. पाणी चालू करतूस तसा. घाई न्हाई. म्या कुटं चालले न्हाई."

बोळाच्या टोकाला पावलं वाजली, पण तुळजाबाईंनी मान वळवली नाही. पाण्याखाली तोंड धरावं तसा त्यांनी श्वास धरून ठेवला होता.

कट्.

"झालं! आज्जी, झालं!"

"आता हँडल खाली दाब, आन् वढ."

दार दोन बोटं उघडलं. तुळजाबाईंनी आधी त्या फटीत आपला हात घातला, दार हातावर बसलं तरी काढला नाही, आणि मग खांदा लावून ते लोटलं. वरद येऊन त्यांच्या पोटाला बिलगला. त्याच्या मुठीत पिवळ्या दोर्‍याचं कार्ड होतं.

सुकन्या ओल्या केसांनी धावत आली. मागून ऋतुजा, कमलम्मा आणि गणवेशातला एक माणूस.

"आई! सांगून गेले होते ना मी? बाहेर आलात कशाला तुम्ही? काही झालं असतं म्हणजे?"

"मम्मी, कवायत होती ती," ऋतुजा धापा टाकत म्हणाली. "बोटीवरच्या लोकांची. स्पीकरवर सांगितलं ना, प्रवाशांनी घाबरू नये म्हणून."

कमलम्मा मटकन खाली बसली आणि जाकीट काढू लागली. सुकन्याचं मात्र थांबेना. "एवढी कार्डं, एवढे दोरे, कशासाठी केलं मी सगळं? एक पोरगं सांभाळायचं होतं फक्त!"

तुळजाबाईंनी वरदच्या डोक्यावरचा हात काढला नाही. त्यांच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

"शेवंता आत व्हती तवा कडी म्या लावली व्हती," त्या म्हणाल्या. "भाहेरून. ती म्हशीखाली येऊ न्हाई म्हणून."

सुकन्या बोलता बोलता थांबली. भूकंपात गेलेल्या नणंदेचं तिनं नुसतं नाव ऐकलं होतं, म्हणून तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तिथंच बोळात सासूच्या शेजारी बसली. गणवेशातला माणूस एकदा दाराकडं, एकदा त्यांच्याकडं बघून हळूच निघून गेला. सुकन्यानं गळ्यातल्या पाकिटाशी चाळा करत विचारलं, "आई, कुणालाच नाही सांगितलंत?"

"न्हाई. आता दयालाबी सांगते. आन् माजं कारड माज्यापाशी र्‍हाईल. दिव्याच्या खाचेला तुजं एखादं लाव."

"बरं," सुकन्या म्हणाली.

दिवस मावळताना तुळजाबाईंनी दयानंदला कठड्यापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. भराभर, मधे न थांबता, थांबलो तर पुढं जमणार नाही अशा बेतानं. तो पाण्याकडं बघत ऐकत राहिला. आई आता रडेल म्हणून तो वाट बघत होता, पण तोच बोलू लागला.

"आई, मामा न्यायला आला तेव्हा शेवंता पण माझ्या मागं लागली होती. मला पण यायचं म्हणून. मी म्हणलो, ही नको. रडती रस्त्यात." त्यानं कठडा घट्ट धरला होता. "मी नको म्हणलो म्हणून ती घरी राहिली."

तुळजाबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. हे पोरगं बत्तीस वर्षं काय घेऊन फिरत होतं, हे एका घरात राहूनही त्यांना कळलं नव्हतं.

"आरं, सा वर्साचा व्हतास तू," त्या म्हणाल्या. "सा वर्साच्या लेकराला काय कळतंय?"

"आणि तू केवढी होतीस?"

त्यांना बोटांवर मोजावं लागलं. वारा पदर ओढत होता, तो त्यांनी एका हातानं धरला.

"आठ्ठावीस," त्या म्हणाल्या. मग सुकन्याच्या वयाहून ते किती कमी होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं.