चोविसावा डबा

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे चिमटाबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. बाळंतपणानंतर पडलेल्या वारेतून दोऱ्याएवढी रक्तवाहिनी सोडवायची, तिचं दोन मिलिमीटरचं कडं कापायचं, केसाहून बारीक अशा दोन तारांवर ते ओवायचं आणि कोमट पाण्यात जिवंत ठेवायचं. गेली अकरा वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या बाईची रक्तवाहिनी औषधाचा थेंब पडूनही आवळलेलीच राहते, निरोगी बाईची सैलावते, असं त्यांचं म्हणणं. ते खरं ठरायचं तर यंत्राच्या नुसत्या आलेखावरून चोवीस बायकांच्या वारांचे डबे, आजारी की निरोगी, ओळखून दाखवायचे होते; एखादा चुकला तर चालणार होतं. तेवीस झाले होते. आज शेवटचा.

डबा कुणाचा हे त्यांना कळता कामा नये, म्हणून डब्यावर नुसता आकडा. नावांची वही मुनीकडे. मुनी म्हणजे त्यांचा तंत्रज्ञ. प्रयोग चालू असताना त्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचंही नाही, असा बाईंनीच घालून दिलेला नियम होता.

भावजयही या चोविसांत होती. कागदावर सही करताना म्हणाली होती, "लोक आत्याला बाळ दाखवतात, वन्सं. मी वार दाखवणार." तेव्हा बाईंनी अख्ख्या घराला दम भरला होता, "बाळंतपण कधी झालं, कसं झालं, मला चकार शब्द सांगायचा नाही!"

दुपारी कडं तारांवर चढवून त्यांनी भावाला फोन लावला.

"अरे, आई फोन का उचलत नाही?"

"आई? झाडांना पाणी घालतेय."

"एवढ्या पावसात?"

"सवय मोडू नये, ताई."

"आणि तू हसतोयस कशाला?"

"मी? छे! मी कायमच असा असतो."

"डोकं फिरलंय तुझं," म्हणत बाईंनी फोन ठेवला. आलेख चढू लागला होता. रक्तवाहिनी छान आवळली होती. आता औषध. भावाच्या नावाने पुटपुटतच त्यांनी औषधाची नळी उचलली. थेंब टाकला.

रेषा हलेना. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच.

आजारी, असं लिहायला त्यांनी पेन्सिल उचलली. पलीकडे मुनी लालबुंद झाला होता. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले.

"खोकायचं नाही, सांगून ठेवते!"

मुनीने श्वास गिळला आणि छताकडे पाहिलं. बाईंनी मात्र यंत्राकडे पाहिलं. चार वाट्या शेजारीशेजारी. कडं दुसऱ्या वाटीत होतं. थेंब पडला होता तिसऱ्या, रिकाम्या वाटीत.

"अगं बाई गं! मी पाण्यालाच औषध पाजलं!"

त्यांनी नवा थेंब घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि दुसऱ्या वाटीत सोडला. रेषा क्षणभर थबकली आणि मग घसरगुंडीवरून सुटल्यासारखी सरळ खाली आली. चिमटाबाई जागच्या जागी उडी मारून म्हणाल्या, "निरोगी! लिही. उघड वही!"

मुनी आकडे वाचत गेला. एक, बरोबर. दोन, बरोबर. नववा चुकला.

"नववा मला पहिल्यापासूनच आवडला नव्हता," बाई पुटपुटल्या.

तेवीस, बरोबर. मुनी थांबला.

"वाच की रे! तोंड शिवलंय का?"

"चोवीस, निरोगी. बरोबर." मग घसा खाकरून, सकाळपासून कोंडलेलं सगळं एका दमात, "तुमच्या भावजयीचा डबा, मॅडम! मुलगी झाली, सकाळी साडेनऊला, दोघी ठणठणीत, तुमची आई दवाखान्यात बसलीय, आणि भावाने मला अकरा फोन केले!"

रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात चिमटाबाई अंगात कोट आणि पायांत प्रयोगशाळेच्या सपाता घालूनच पोचल्या.

"आठवण झाली आत्याला?" भाऊ म्हणाला.

"पाच तास तिचंच तर करत होते!"

भावजय खो खो हसली आणि बाळ पुढे केलं. बाईंनी भीत भीत बोट लावलं. इवल्याशा मुठीने ते घट्ट आवळलं. त्या हाताने आजवर चिमटा धरला होता; त्या हाताला असं कुणी धरलं नव्हतं.

"ही सोडत नाहीये रे," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते आणि हसूही थांबत नव्हतं.

"मग टाक एखादा थेंब," भाऊ म्हणाला. "फक्त वाटी बघून. मुनीने फोनवर सगळं सांगितलंय."