हिंडता देव

मी दादासोच्या वर्दीच्या डाव्या खिशातून बोलतोय. मी बिरोबाचा टाक. अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उमटवलेली देवाची मूर्ती. इंदापूरच्या एका सोनारानं मला ठशावर ठोकून घडवलं, त्याला साठ वर्षं तरी झाली.

दादासोचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा मी त्यांच्या घोंगडीच्या गाठीत असायचो. पुढं मेंढरं गेली, आमच्या गावच्या, वरकुट्याच्या रानात ऊस आला आणि मी देव्हाऱ्यात बसलो. दादासो फौजेत भरती झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, सोनबांनी, मला पुन्हा बाहेर काढून त्याच्याबरोबर धाडलं.

दादासोची पलटण सुरुंग शोधून काढणारी. दोन वर्षांपूर्वी बर्फातल्या एका वाटेवर तो आणि जसबीर नावाचा पंजाबी जवान चार पावलांच्या अंतरानं चालत होते. सुरुंग जसबीरच्या पायाखाली फुटला, तो जागीच गेला. जसबीरच्या मनगटात त्याच्या आईनं घातलेलं कडं होतं. दादासोच्या खिशात मी होतो. त्याला साधं खरचटलंही नाही.

तो घरी आल्यावर सोनबांनी ढोल लावले, गावाला जेवण घातलं. देवानं राखलं, असं जो तो म्हणत होता. माझ्यावर भंडाऱ्याचा ढीग पडला. दादासोनं मला देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्या दिवसापासून माझ्यापुढं हात जोडले नाहीत. हे फक्त त्याच्या बायकोला, प्रतीक्षाला ठाऊक होतं.

यंदा तो रजेवर आला तो मुलगी झाली म्हणून. ती अठरा दिवसांची असताना फोन आला. सीमेवर लढाई पेटली होती, रजा रद्द झाली होती. तासाभरात बॅग भरली. सोनबा मला घेऊन पुढं आले.

दादासो म्हणाला, "आबा, ह्याला हितंच राहू द्या. पोरीजवळ."

"ह्यो हिंडता देव हाय," सोनबा म्हणाले. "घरात बसायची त्याला सवय न्हाय."

बापापुढं त्याला बोलवेना. त्यानं मला आणि भंडाऱ्याच्या पुडीला खिशात टाकलं.

इंदापूरहून एसटीनं दौंड गाठेपर्यंत त्याचा हात दहा वेळा खिशाकडं आला आणि मागं गेला. फलाटावर त्यानं मला शेवटी बाहेर काढलं. "जसबीरच्या आईनं बी देवाकडं मागितलंच व्हतं की," तो हळूच म्हणाला. "तिचं का न्हाय ऐकलं?"

 

मग त्यानं दोन वर्षांत कधीच न लावलेला एक नंबर लावला. पलीकडं जसबीरची आई होती. हिंदीत त्यानं आपण कोण, कुठं निघालो ते सांगितलं.  तिनं आधी जेवलास का, असं विचारलं. त्यानं धीर करून विचारलं, अजून गुरुद्वारात जाता का, देवाचा राग येत नाही का?

येतो ना, ती म्हणाली. रोज त्याच्याच दारात जाऊन रागावते. आधी एकट्या जसबीरचं नाव घ्यायची, आता त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांची घेते. तुझंही घेते.

दादासोनं फोन ठेवला. गाडी फलाटाला लागत होती. त्यानं पुडी सोडली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला. तो आता जीव मागणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "माज्या मागनं येणाऱ्यांचा पाय नीट पडू दे."

आता आम्ही ट्रकमध्ये आहोत. दोन्ही बाजूंना डोंगर, पुढं धूर. सगळ्यांचे फोन जमा झालेत.  तो शांत झालेला नाही, आणि मीही नाही.

सोनबा, तो परत आला तर लगेच ढोल लावू नका. आधी त्या माउलीला फोन करू द्या. आणि तो नाहीच आला, त्याच्या सामानातून मी एकटाच परतलो, तर मला देव्हाऱ्यात ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्यापुढं उभे राहून हवं तेवढं रागवा. मी ऐकेन.