ठमीच्या मेंदूतला दरवाजा

मित्रांनो, मी एक म्हातारा दरवाजा आहे. जन्मून थोडेच दिवस झालेत, पण आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. मला शोधायला जाल तर दिसणार नाही. एका तान्ह्या मुलीच्या मेंदूत, एका चेतापेशीच्या पातळ भिंतीत मी बसलोय. घरी तिला ठमी म्हणतात.

पेशीला निरोप आला की ती उसळते, सोडियम धावत आत घुसतं. मग मी उघडायचं, आतलं पोटॅशियम बाहेर सोडायचं आणि पेशीला सांगायचं, झालं, बस आता निवांत. या कामाचं कौतुक कधी झालं नाही. शांततेचं कौतुक कोण करतं?

पण माझ्या घडणीतच खोट आहे. चार तुकडे जोडून मी झालो, त्यातला एक लुळा. मी नीट उघडत नाही. मग पेशीची बडबड थांबत नाही, शेजारणी तिच्या नादी लागतात आणि ठमीला आकडीचा झटका येतो. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कडू औषध मला हात देऊन उघडं धरतं.

ठमीची आई बेकरीत कामावर परत गेली आणि ठमी बाबांच्या हाती आली. बाबा भारी मायाळू. पण तेव्हापासून औषधाचा हात सैल पडला. मी एकटाच रेटत राहिलो, रेटून रेटून थकलो. काल दुपारी झटका आलाच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई औषध वाढवायचं म्हणत होत्या. तेवढ्यात आईने बाबांना विचारलं, "कशातून देतोस रे?"

"बाटलीतल्या दुधातून. कडू लागतं गं तिला. तोंड वाकडं करते, बघवत नाही."

"आणि दूध संपवते सगळं?"

बाबांनी पिशवीतून बाटली काढली. तळाशी बरंच दूध होतं. रोज उरायचं आणि मोरीत जायचं. डॉक्टरीणबाईंनी औषध तेवढंच ठेवलं.

आज बाबांनी ते पिचकारीने थेट गालात सोडलं. ठमीने घर डोक्यावर घेतलं. बाबांचेच डोळे भरले. आई एवढंच म्हणाली, "रडू दे."

मित्रांनो, मी आता फार टिकणार नाही. माझ्या जागी येणारा दरवाजाही लुळाच असेल, त्यालाही औषधाचा हात लागेल. तुमच्या घरी कुणा लहानग्याचं औषध असेल, तर ते सगळं पोटात जातंय ना, एवढं बघा. त्याच्या रडण्याला भिऊ नका.

झटका येतो ना, तेव्हा ठमी रडत नाही.