हुंकारापुरती जागा

वेदिकाने फ्रिजचा प्लग काढला आणि स्वयंपाकघरातून येसूबाईंचा आवाज आला.

"सुरमई हाय गो त्यात! बंद केलास परत?"

"पंधराच मिनिटं, काकू. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते."

"गेल्या खेपेच्या तुझ्या पंधरा मिनिटांत कोलंबी गेली माझी."

हे काही खोटं नव्हतं. गेल्या खेपेला प्लग परत लावायचं सगळेच विसरले होते आणि कोलंबी शेवटी मांजराच्या वाट्याला आली होती. वेदिकाने कान पकडले, आणि पंखा बंद करून भिंतीवरचं घड्याळ काढलं. ते पडवीत नेऊन उशीखाली ठेवलं. खिडकीवर दुहेरी गोधडी टांगली. कोंबड्या टोपलीखाली गेल्या. नमनालाच घडाभर तेल, पण त्याशिवाय दाभोळात शांतता मिळायची कशी?

वेदिका दापोलीहून एसटीने आली होती. आठवडाभर ती तिथल्या कॉलेजात शिकवी आणि सुटीच्या दिवशी एका हौशी मंडळाचं काम पाही. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशातले मराठी लेख ही मंडळी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्या त्या लेखाच्या पानावर चढवत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीही. या शेवटच्या वर्गात आपण बरेच जण मोडतो. कुणाला एक पैसा मिळत नव्हता. तरी आपला लेख कधी चढतो याची सगळ्यांना लग्नघरासारखी घाई असे.

सगळ्यांत जास्त घाई येसूबाईंच्या नवऱ्याला, गंगारामकाकांना होती. त्यांची सगळी नोकरी गावच्या वाचनालयात झाली होती आणि आवाज असा, की पत्ता सांगितला तरी ऐकत राहावं. त्यांच्याकडे 'भरती-ओहोटी' हा लेख होता. तो दोनदा परत आला होता. रत्नागिरीची दीपाली सगळ्यांची ध्वनिमुद्रणं तपासायची. पहिल्या खेपेला तिने लिहिलं, 'आवाज सुंदर. पण प्रत्येक वाक्यानंतर काका जातात कुठे?' दुसऱ्या खेपेला फक्त एवढंच लिहिलं, 'अजून जातात.'

काकांनी आधी माइकला दोष दिला, मग लेखातल्या जोडाक्षरांना. नाचता येईना अंगण वाकडे, असं येसूबाई तोंडावर म्हणाल्या. आज तिसरी खेप होती. आजही जमलं नाही तर लेख ओमकारकडे जाणार होता. ओमकार कृषी विद्यापीठातला विद्यार्थी. तो नळ सोडल्यासारखा वाचायचा, पण अडखळायचा नाही. काकांना हे माहीत होतं. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते बसले होते. माइकला सदरा दिसत नाही हे त्यांना सांगायचं धाडस वेदिकाला झालं नाही.

एका लेखासाठी एवढा जीव टाकण्याचं कारण समुद्रापलीकडे बसलं होतं. त्याचं नाव अकबर.

अकबरचं आयुष्य जहाजावर गेलं. शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे मराठी पेपर तो एकेक अक्षर लावून वाचायचा आणि दुसऱ्या ओळीला वैतागायचा. जहाज सोडून तो घरी आला तेव्हापासून रोज सकाळी गंगाराम त्याच्या ओट्यावर जाऊन पेपर मोठ्याने वाचायचा. वाचायचं गंगारामने आणि चहा अकबरच्या घरचा, असा करार होता. गणपती झाल्यावर मुलगा उमेर त्याला दोहाला घेऊन गेला. निघताना गंगाराम फुशारकीने म्हणाला होता, "जा खुशाल. ज्ञानकोशात माझा आवाज येणार आहे. तुझ्या दोहात पण येईल."

"आला की सांग," अकबर म्हणाला होता.

आणि आता दर शुक्रवारी त्याचा आवाजी मेसेज यायचा. "गंगाराम, आला नाय रे अजून." त्यामागे हसणं असायचं. पण मागच्या शुक्रवारी हसणं नव्हतं. "इथं सगळा हाय बग. एसी हाय, नात हाय, दोन टाइम मटन हाय. सकाळ मात्र सुनी जाते." तो मेसेज गंगारामने दोनदा ऐकला आणि बायकोला काही सांगितलं नाही. त्याला फार वाईट वाटलं होतं. त्याची स्वतःची सकाळही सुनीच जात होती.

"सुरू करू या, काका," वेदिका म्हणाली.

आधीच्या दोन्ही वेळा ती पडवीत कोंबड्या हाकत बसली होती. आज कोंबड्या टोपलीखाली होत्या, म्हणून ती माजघरातच थांबली आणि भाताच्या कणगीला टेकून, आवाज न करता खाली बसली.

काकांनी घसा साफ केला. "चंद्र आणि सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक काळाने वरखाली होते, तिला भरती-ओहोटी म्हणतात."

वाक्य संपलं. काकांनी मान वर केली, डावीकडे कणगीच्या वर कुठेतरी पाहिलं, आणि थांबले. थांबलेच. मग पुन्हा कागदाकडे वळले. दुसरं वाक्य सुरू झालं तेव्हा आवाजातला जोर उतरला होता. दुसऱ्या वाक्यानंतर पुन्हा तेच झालं. तिसऱ्यानंतर वेदिकाने हात वर केला.

"काका, कणगीवर काय बघता?"

"कुठं काय?" काका ओशाळले. चष्मा काढून पुसायला लागले. "अकबर डावीकडे बसायचा."

"बरं."

"तो हूं म्हणायचा. हूं आला की पुढचं वाक्य वाचायचं. नाही आला, तर एकतर त्याला पटलं नाही, नाहीतर डोळा लागला. मग तिथंच थांबायचं. बातमी संपली की म्हणायचा, पुढचं वाच." काकांनी चष्मा परत लावला. "आता इथं कोण हूं म्हणणार? आणि ऐकणारा आहे की नाही हे कळल्याशिवाय माणूस पुढं कसा जाईल? तूच सांग."

वेदिकाला हसू आलं आणि त्याच वेळी स्वतःची लाजही वाटली. एवढी साधी गोष्ट, आणि दोन खेपा वाया घालवून आपण दीपालीला 'काकांचा दम कमी पडतो' असं कळवलं होतं!

"काकू," तिने हाक मारली, "इथे बसून जरा हूं म्हणाल का?"

"मी?" येसूबाई दारात आल्या. हाताला मसाला होता. "लगीन झाल्यापासून हो ला हो म्हनतेय. आता हूंला हूं पन मीच म्हनू? वाटण पडलाय माझा." आणि गेल्या.

"मीच म्हणते," वेदिका म्हणाली. "माझा आवाज नंतर काढून टाकता येईल."

ती उठून काकांच्या डाव्या हाताला जाऊन बसली. काकांनी पहिलं वाक्य वाचलं.

"हूं," वेदिका म्हणाली.

"जरा जाड काढ. असा शाळेतल्यासारखा नको."

"हूंऽ."

काका खुलले. मग लेख जो निघाला तो उधाणासारखा निघाला. चंद्राचं ओढणं आलं, पृथ्वीचं फिरणं आलं, मोठी भरती, लहान भरती सगळं आलं. दर वाक्याला हूं येत होता आणि दर हूंसरशी काका ताठ होत होते. जोडाक्षरं मुकाट्याने वाटेतून बाजूला झाली. शेवटी "हा लेख आजच्या आवृत्तीनुसार वाचला आहे. वाचन गंगाराम" असं म्हणताना त्यांनी नावावर जरा जास्तच जोर दिला. वेदिकाने तो तसाच राहू दिला.

फ्रिजचा प्लग या वेळी तिने आठवणीने लावला.

दापोलीला परतल्यावर ती संगणकासमोर बसली आणि आपला एकेक हूं पुसत गेली. हूं गेला की त्या जागी थोडी शांतता उरायची. नियमाने तीही कापायला हवी होती. एकदोन ठिकाणी तिने कापून पाहिलं, तर काकांचा श्वासच तुटल्यासारखा वाटला. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला कंटाळाही आला होता. तिने त्या जागा तशाच ठेवल्या. दीपालीने ऐकलं आणि लिहिलं, 'काका या वेळी जातात, पण लगेच परत येतात. चालेल.' लेख चढला. वेदिकाने काकांना फोन केला, काकांनी येसूबाईंना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत जेटीवरच्या सगळ्यांना ते कळलं होतं. दोहालाही लेखाचा दुवा गेला.

दोहाहून मात्र उत्तर आलं नाही. शुक्रवार आला, पण मेसेज आला नाही. रविवारी वेदिका पुढच्या लेखाचे कागद घेऊन दाभोळला गेली तेव्हा काका फोन समोर ठेवून पडवीत बसले होते. सदरा इस्त्रीचा नव्हता.

"आवडलं नसेल त्याला," काका म्हणाले. "नाहीतर डोळा लागला असेल."

तिने कागद दिले तरी त्यांनी ते उघडून पाहिले नाहीत. दुसऱ्या कुणाला दे, असं ते म्हणणार हे तिला दिसत होतं. येसूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. लांबलचक आवाजी मेसेज होता. खाली नात झोयाने लिहिलं होतं, 'दादाजींनी चार वेळा परत करायला लावलं, म्हणून उशीर झाला.'

काकांनी तो लावला.

फोनमधून काकांचाच आवाज आला. "चंद्र आणि सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे..." वेदिकाला वाटलं, काकांनी चुकून आपलाच लेख लावला. वाक्य संपलं. तिने पुसून रिकामी केलेली ती शांतता आली.

"हूं," अकबर म्हणाला.

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

पुढचं वाक्य आलं आणि हूं आला. त्यापुढचंही आलं. एकही जागा चुकत नव्हती. आतला फ्रिज मध्येच घरघरायला लागला, तशा येसूबाई उठून आत गेल्या आणि घरघर थांबली. बाहेर आल्या त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मेसेजमधल्या काकांनी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं वाक्य वाचलं.

"हूं. ह्या बरोबर लिवलाय," अकबर म्हणाला.

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. पुढच्या वाक्याअखेरीला अचानक एक बारीक, शाळकरी हूं आला. वेदिकाने जीभ चावली. तो एक पुसायचा राहून गेला होता.

"थांब थांब!" फोनमध्ये अकबर कडाडला. "ही कोन? गंगाराम, माझ्या जागंवर कोन बसवलीस रे?"

येसूबाई चौकटीला धरून हसत सुटल्या. वेदिका लाल झाली आणि तीही हसली. तोवर लेख शेवटाला आला. "वाचन गंगाराम," असा तो जोरदार आवाज आला आणि मग काहीच नाही. काका पुढे वाकले. फोनमध्ये फक्त एसीचा आवाज होता. मग कुठे तरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हूं," अकबर म्हणाला. "पुढचं वाच."

काकांनी खिशातून चष्मा काढला आणि मांडीवरचे कागद उघडले. 'दीपगृह' असा मथळा होता.

"काका, मी आज माइक आणलेला नाही. नुसते कागद द्यायला आले होते."

"फोनवर व्हतो ना? फोनवर कर," येसूबाई म्हणाल्या. "फ्रिज बंदच हाय. आतली सुरमई मी तळायला घेते, तू जेवूनच जा. आणि बाय, या खेपेला तू मधी बोलू नको हां."

वेदिकाने खिडकीवर गोधडी टांगली आणि फोन काकांसमोर ठेवला. काकांनी पहिलं वाक्य वाचलं. मान वर करून डावीकडे पाहिलं, एका हूंपुरते थांबले, आणि पुढचं वाचू लागले.