सेलाचा मान

देवळाच्या कमिटीचा कंप्युटर ऐन जत्रेच्या तोंडावर बंद पडला. कुठलं दुकान कुठे मांडायचं ती यादी आत अडकली. सावंतवाडीला दुरुस्ती शिकून आलेली सुगंधा गावात एकटीच. गावचे पहिले मानकरी, गावकर हरिश्चंद्रकाकांनी तिला शब्द दिला होता: कंप्युटर चालू केलास, तर देवळाशेजारची रिकामी खोली दुकानाला तुझी. नाहीतर सोमवारी मुंबईला, भावाकडे. मुंबईला तर तिला मुळीच जायचं नव्हतं.

सभामंडपात तिने कंप्युटरचा डबा उघडला. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता. तारीख विसरलेलं यंत्र पुढे सरकायलाच तयार नव्हतं. पाच मिनिटांचं काम हो! पण समजावून सांगायची हौस नडली.

"हो मदरबोर्ड म्हणजे आपलो गावच समजा," ती म्हणाली. "हो प्रोसेसर म्हणजे गावकार, सगळे हुकूम हेचे. ही रॅम, वीज आसा तवसर सगळा ध्यानात ठेवता. हे कपॅसिटर, विजेचे धक्के सोसतत."

झालं! हरिश्चंद्रकाका ताठ बसले. "मगे प्रोसेसराक पयलो हात माझो."

पालखीला खांदा देणाऱ्या धोंडूने रॅमवर हक्क सांगितला. ढोल वाजवणाऱ्या बाबूला कपॅसिटर हवे, कारण ते उभ्या ढोलासारखे दिसतात. देवाला चवरी ढाळायचा मान मथुराकाकीच्या घराण्याचा, म्हणून पंखा तिचा. "अवो, हे सगळे चांगले आसत, हात लावू नकात!" सुगंधा ओरडत राहिली. ऐकतो कोण? धोंडूने रॅम उपटली, कपाळाला लावली आणि उलटी बसवायला घेतली. खाच आडवी आली म्हणून बिचारी वाचली, मग सुगंधाने त्याच्याकडून ती सरळ बसवून घेतली.

राहिला सेल. एवढासा तो, कुणाला नको. सुगंधाने हात पुढे केला तर काका गरजले, "थांब गो! मान नाय तेना हात लावूचो नाय."

मग मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवून देवाला कौल लावला. सुगंधाच्या नावाची पाकळी चटकन उजवीकडे पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि सगळा मंडप ओरडला, "व्हय म्हाराजा!"

तिने नवा सेल बसवला, तारीख भरली. कंप्युटर सुरू झाला. आनंदाने तिला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "आता यादी काढलंस की डबो बंद. एवढे मान लागले, तेका कोपऱ्यात कसो ठेवतलो? ती खोली आता ह्या कंप्युटराकच."

"आणि माझा दुकान?"

"तू जा गो मुंबयक. तुझो मान आमी सांभाळतो."

असा संताप आला तिला! ती तशीच खाली बसली, वायर उपटली, सेल काढला आणि ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधला.

"ह्या काय करतंस?"

"माझो मान माझ्यावांगडा मुंबयक येतलो. दुसऱ्याक सेल बसवूचो आसात तर देवाक इचारा."

धोंडूने बाबूकडे पाहिलं, बाबूने मथुराकाकीकडे. यादी अजून आतच होती, आणि देवाचा कौल मोडायची छाती कुणाची? काकांनी डोकं खाजवलं आणि कनवटीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

सुगंधा आधी जाऊन खोलीचं कुलूप उघडून आली. मगच तिने ओढणीची गाठ सोडली.