आईंचा गुडघा

पांढरी, शर्टाच्या गुंडीएवढी, पावासारखी जाळीदार — सासूबाईंनी ती चकती तळहातावर उलटसुलट केली आणि साडीवरूनच गुडघ्यावर ठेवून पाहिली.

"इथंच बसवतील ना गं?"

वैजयंती नुसतीच हसली. तिच्या प्रयोगशाळेतली बाद चकती होती ती, आईंनी हट्ट धरला म्हणून आणलेली. अशा चकतीवर नवी कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, वाढते, पण सशांच्या गुडघ्यात. माणसांत जमलंच कधी, तर ते कुणा तरुणाच्या, खेळताना दुखावलेल्या गुडघ्यात... आईंच्या गुडघ्यात हाडावर हाड घासतंय, तिथं हिचा भुगा होईल. एका वाक्यात सांगता येईल एवढंच आहे हे. आणि ते कुणी सांगत नाही म्हणून आई तुळशी नगरच्या या क्वार्टरचा जिना उतरत नाहीत, रात्रभर कण्हतात, आणि शेजारणीला ऐटीत सांगतात — "ऑपरेशन काहे को? बहू लॅब में मेरा घुटना बना रही है."

"निनाद म्हणून गेला, आज हॉस्पिटलला ऑपरेशनचं शेवटचं कळवायचं," आई मुलाचा निरोप सांगत म्हणाल्या. "आता केलं तर चालाल, उशीर केला तर भूलही देता येणार नाही, म्हणते तो डॉक्टर. काय करू, सांग."

काय करू... वैजयंतीला आठवलं, त्या वर्षी नागपूरला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. मी पोळ्या लाटत होते, वाढत होते, हसून आग्रह करत होते — अजून एक घ्या ना — आणि अमरावतीला माझे बाबा वारले होते. फोन सकाळीच आला होता, आईंनीच घेतला होता. सुतकातल्या हातचं देवीला कसं चालणार! शेवटची पंगत उठल्यावर त्यांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा चिता विझत आली होती. 'आई खोटं कुठे बोलली,' निनाद अजून म्हणतो.

"तू म्हणशील तसं, बाई. तुझ्याइतकं कोणाला कळतं यातलं?"

"थांबू या, आई," वैजयंती म्हणाली.

आईंचा चेहरा लहान मुलीसारखा खुलला. आता आपल्याला लाज वाटेल, निदान भीती तरी, म्हणून ती वाट पाहत राहिली... वाटलं काहीच नाही. तिनं आईंच्या पायाखाली उशी सरकवली, गुडघ्यावरून हलकेच हात फिरवला, आणि एकदम माया दाटून आली — अगदी खरी. त्या दिवशी, तो फोन घेतल्यानंतर, मी पंगतीत वाढत असताना माझ्या कपाळावरचा घाम आईंनी आपल्या पदरानं टिपला होता. ती मायाही खरीच होती तर.