प्रश्न क्रमांक दोनशे चौदा

माझी नजर म्हणजे नजर आहे. पोरं मला पाठीमागे 'भिंगवाली' म्हणतात ते उगीच नाही. डायटम म्हणजे पाण्यातलं एकपेशी शेवाळ. ते मेलं की त्याची काचेची डबी मागे उरते, डोळ्याला दिसणारही नाही एवढी. ती डबी स्वच्छ पाण्यातली की घाण पाण्यातली, हे मी क्षणात सांगते. तळ्याच्या गाळात या डब्या थरावर थर साचत जातात आणि पाणी कधी नासलं त्याची साक्ष देतात. माणसं खोटं बोलतात, डब्या बोलत नाहीत, हे माझं पहिल्या तासाचं वाक्य. गेली बावीस वर्षं एक शब्द बदललेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या विभागात सॉफ्टवेअर आलं. पडद्यावर एक तळं आहे. पोरांनी त्यात भोक पाडायचं, थराथरातल्या डब्या ओळखायच्या आणि पाण्याचं काय झालं ते सांगायचं. बरोबर आलं की टाळ्या वाजतात. चुकलं की एक मासा रडतो. मासे रडत नाहीत असं मी कंपनीला लेखी कळवलं होतं. त्यांनी माझे आभार मानले आणि मासा तसाच ठेवला.

पण त्यातली सहाशे छायाचित्रं माझी बरं का! माझ्या कपाटातल्या काचपट्ट्यांवरून, पडद्यावरही फोकस खालीवर करता येईल अशी, मीच काढलेली, आणि उत्तरंही मीच लिहिलेली. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकांवर प्लास्टिकची आवरणं चढली ती चढलीच. खोटं कशाला बोलू, सुख झालं. "अगं तो धूळकण आहे, अरे बाबा ती तुझीच पापणी आहे," असं साठ पोरांच्या मागे उभं राहून ओरडणं संपलं. परीक्षा संगणक घेतो, तपासतोही तोच. पोरांची तोंडं बघायचीसुद्धा गरज उरली नाही.

तक्रारी तेवढ्या माझ्याकडे येतात. त्या आणते टकटक, म्हणजे आमची ऑपरेटर. पाच वर्षांपूर्वी कामाला लागली. दिवसभर कीबोर्ड बडवते म्हणून हे नाव मीच ठेवलं. पोरगी कामाला वाघ, पण विषयातलं ओ की ठो कळत नसणार, असं मी धरून चालले होते. कारण बाकीच्या तक्रारी ती आपली आपण निस्तरायची, पण प्रश्न क्रमांक दोनशे चौदाची आली की कागद छापून माझ्या टेबलावर.

"हे कितव्यांदा गं?" यंदा मी वैतागून विचारलं.

"सतराव्यांदा, मॅडम."

दोनशे चौदा म्हणजे माझा मानबिंदू. एका खऱ्या तळ्याच्या गाळात, सातव्या थरात, मला एक गोल, जाड काठाची दुर्मीळ डबी सापडली होती, अगदी निर्मळ पाण्यातली. वरचा थर घाण, खालचा घाण, आणि मध्ये हे रत्न! मी त्यावर निबंध वाचला, टाळ्या घेतल्या. तिचं मोठं चित्र विभागाच्या बोळात काचेच्या चौकटीत लावलंय. आणि ही कालची पोरं म्हणणार की हे जीवाश्मच नाही! नाचता येईना अंगण वाकडं. मी नेहमीप्रमाणे 'फेटाळा' दाबलं आणि कारणांच्या यादीतून नेहमीचं कारण निवडलं: 'नीट निरीक्षण केलेले नाही.'

तासाभरात तक्रारवाली स्वतःच दारात उभी. जाड चष्मा आणि खांद्यावर पिशवी.

"मॅडम, मला एकोणचाळीस पडलेत. चाळीसला पास आहे."

"मग अभ्यास करायचा होता."

"दोनशे चौदा बरोबर धरलंत तर चाळीस होतात. चार वाजता यादी लागणार. नापास झाले तर काका शिक्षण बंद करणार, त्यांनी तसं सांगूनच ठेवलंय."

काकांचं नाव काढलं की मी विरघळेन, असं हिला वाटलं असावं. मी पडद्यावर तिची परीक्षा उघडली. निम्मे प्रश्न कोरे. दोनशे चौदावर मात्र चाळीस मिनिटं!

"अगं, एका प्रश्नावर चाळीस मिनिटं? बाकीच्यांनी अख्खी परीक्षा अकरा मिनिटांत उरकली, त्यांना ब्याण्णव पडलेत."

"त्यांच्या फोनवर उत्तरं आहेत, मॅडम. दोनशे चौदा, ब. सगळ्यांना पाठ आहे." ती खाली बघून पुढे म्हणाली, "मी आपली फोकस खालीवर करत बसले. आत नक्षी दिसेना. काठ नुसता जाड व्हायचा, बारीक व्हायचा, आणि मध्ये उजेडाचा ठिपका. मला तो हवेचा बुडबुडा वाटला."

माझं डोकंच फिरलं. बुडबुडा! बावीस वर्षांच्या नोकरीत मला बुडबुडा ओळखता येत नाही? म्हटलं थांब, तुला अस्सल वस्तूच दाखवते, म्हणजे पुन्हा तोंड उघडणार नाहीस. कपाटातून काचपट्टी काढली, सूक्ष्मदर्शकावरचं आवरण ओढलं, धुळीने दोघींनाही शिंका आल्या. टकटक दारात येऊन उभी राहिली होती. काम नाही का गं तुला, म्हणणार होते. राहून गेलं.

मी डोळा लावला. फोकस वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. भिंग बदललं, दिवा कमी केला, डोळा बदलला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. काठ जाड झाला, बारीक झाला. मध्ये उजेडाचा ठिपका. आत काही नाही. काचपट्टी चिकटवताना डिंकात अडकलेली हवा, तीही माझ्याच हाताने अडकलेली. आणि ते नासलेलं तळं मी या बुडबुड्याच्या भरवशावर एका थरापुरतं निर्मळ करून टाकलं होतं.

पायाखालची वाळू सरकली म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात आलं हे नाकारत नाही. एक 'फेटाळा' दाबलं की संपलं. बोळातलं चित्रही भिंतीवर राहिलं असतं. पण ती चष्मेवाली पिशवीचा बंद हाताला गुंडाळत उभी होती, आणि घड्याळात सव्वातीन वाजले होते.

"बस खाली," मी म्हटलं. "तुझं बरोबर आहे."

उत्तर बदलायचा अधिकार फक्त 'मूळ तज्ज्ञाला' होता, म्हणजे मलाच. मी बदललं. यंत्राने विचारलं, 'आजवरच्या सर्व परीक्षा पुन्हा मोजायच्या?' घाईघाईत मी 'हो' म्हटलं. टाळ्या वाजल्या. मेल्याला एवढंच येतं.

चष्मेवाली रडत, हसत निघून गेली. थोड्या वेळाने टकटक कागद घेऊन आली. नापासाचे पास झालेल्यांची यादी. दोनच नावं. प्रत्येकापुढे माझी सही हवी होती. पहिलं नाव चष्मेवालीचं, दुसरं अगदी पहिल्या तुकडीतल्या कुणा मुलीचं.

"अरे देवा, नऊ वर्षांपूर्वीची," मी म्हटलं. "आता हिला कुठे शोधायचं? कुठे असेल, काय करत असेल, कोण जाणे."

"इथेच आहे मॅडम."

"इथे कुठे?"

"मीच ती."

पाच वर्षं ही बाई माझ्यासमोर बसतेय. त्याआधी एक वर्ष माझ्या वर्गात बसली होती. मी तिचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण आहे, तीही तेव्हाच दिसली.

"अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते ना. पहिली तक्रार माझीच होती." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमचं उत्तरही आलं होतं."

काय उत्तर आलं होतं, ते मला विचारायची गरज नव्हती. मला लाज वाटली, सरळ सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता पास झालीस तर पुढच्या वर्षाला..." मी चाचरत म्हटलं.

"माझा मुलगा तिसरीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "चारला दहा कमी आहेत. यादी लावायचीय."

मी पेन उचललं. भराभर दोन सह्या केल्या आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो पाहिला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"दोन्ही सह्या एकाच नावापुढे झाल्यात, मॅडम," ती म्हणाली. "माझी ओळ खालची. नीट बघा."